दीडशे वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले मर्गाचे (अचानक मरणाच्या चौकशीचे) कागद किती खरे मानायचे?

पाटीलबाई (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. मी गावची पोलीस पाटील. पोरगी अमरावतीला इतिहासात एम.ए. करते. तिनं प्रकल्पाला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातली एजफिल्ड कौंटी घेतली आहे. कौंटी म्हणजे आपला लहानसा जिल्हा समजा, कापूस पिकवणारा. एकोणिसाव्या शतकात तिथं कोणी बुडालं, कोणाला चाकू लागला, कोणी झाडाला लटकलेलं दिसलं की कोरोनर, म्हणजे अशा मरणाची चौकशी करणारा अधिकारी, यायचा, आजूबाजूच्या माणसांची ज्युरी बसवायचा, सगळ्यांनी प्रेत डोळ्यांनी पाहायचं, शपथेवर साक्षी ऐकायच्या आणि शेवटी मरण कशानं आलं ते लिहून सह्या करायच्या. हे कागद जॉर्जिया विद्यापीठाच्या लोकांनी इंटरनेटवर टाकले आहेत. पोरगी रात्री फोनवर मराठीत सांगते, मी भाकरी थापत ऐकते.

तिचं म्हणणं, ज्युरीची शेवटची ओळ धरायची आणि तक्ता करायचा: इतके खून, इतके बुडून, इतके दारूनं, इतके ‘देवाच्या करणीनं’. मला ते पटत नाही. पंचनामा कसा लिहिला जातो ते मी तिथं उभी राहून पाहते.

मागं गावात एक सून विहिरीत सापडली. बाज दोराला बांधून सोडली आणि पोरांनी तिला वर काढलं. जमादार मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहीत होते आणि पंच त्यांना सांगत होते, ‘पाणी शेंदताना पाय घसरला’. पंच म्हणजे एक सासऱ्याच्या भावकीतला, दुसरा त्यांच्याच वावरात मक्त्यानं असलेला. आता त्या विहिरीवर पाच वर्षांपासून मोटर बसवलेली आहे. तिथं शेंदायला कोण जातं? मी म्हटलं, जमादार साहेब, बादली अन् दोर कुठं सापडला तेही लिहा. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि लिहिलं, ‘घटनास्थळी बादली व दोर मिळून आला नाही.’ मत मात्र पाय घसरून असंच पडलं.

शंभर वर्षांनी कोणाची पोरगी तक्ता करायला बसली तर ही बाई ‘अपघात’च्या रकान्यात जाईल. म्हणून विचारते, तिकडच्या कागदांत विश्वास नेमका कशावर ठेवायचा? आणि मला न उलगडलेली गोष्ट अशी की गुलाम मेला तरी तिथं ज्युरी बसायची. ज्याला माणूसच मानत नव्हते त्याच्या मरणाची चौकशी कशाला?

जुनं दप्तर (अकोला)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, त्यातच बाकीचं येतं.

कोरोनर ही इंग्लंडची जुनी चाल आहे, ११९४ पासूनची. राजाचा महसूल बुडू नये म्हणून नेमलेला माणूस. अचानक मरणात दंड, जप्ती असं राजाला काहीतरी मिळायचं. न्यायबिय नंतर आला. हीच चाल जहाजातून अमेरिकेत गेली. दक्षिणेत गुलाम ही मालमत्ता होती आणि मालमत्तेचं नुकसान कोणी केलं हा पैशाचा प्रश्न होता. भाड्यानं दिलेला गुलाम दुसऱ्याच्या शेतावर मेला तर मालक भरपाईचा दावा लावायचा. म्हणजे कागद हवाच.

कायदा बघा. साउथ कॅरोलिनात १७४० च्या कायद्यानं गुलामाचा जाणूनबुजून खून केला तर ७०० पौंड दंड, रागाच्या भरात मारला तर ३५०. फाशीची तरतूद १८२१ साली आली. कायदा आला तरी साक्ष कोणाची घेणार? गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्याचा शब्द कोर्टात चालत नव्हता. मारताना पाहणारे मात्र बहुतेक वेळा काळेच असायचे.

एजफिल्डची ख्याती वेगळी सांगायला नको. १८५६ मध्ये सिनेटच्या सभागृहात घुसून चार्ल्स समनर या सिनेटरला काठीनं झोडपणारा प्रेस्टन ब्रुक्स तिथलाच. त्याबद्दल गावाकडून त्याला नव्या काठ्या भेट आल्या. असल्या मुलखात शेजाऱ्यांची ज्युरी कोणाकडं बघून लिहीत असेल?

कास्तकार ४४४

ताई, तुमच्या पोरीले सांगा का त्याईचा कापूस अन् आपला कापूस एका धाग्यात हाय. १८६१ ते ६५ तिकडं लढाई झाली, इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या गिरण्याईले कापूस भेटेना, मंग इंग्रजाची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावात गाठोड्याचे ढीग लागले. लढाई सरली, भाव पडला, सावकार मात्र राह्यला.

अन् शेवटच्या ओळीचं म्हणाल तं आपल्याकडं शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीचे लाख रुपये तिच्यावर असतात. औषध पिऊन मेला, पण कर्ज बँकेचं नसून बिनपरवान्याच्या सावकाराचं हाय, तं ‘अपात्र’. माणूस तोच, औषध तेच. माह्या चुलत्याच्या वेळेस घरचे लोक कागदावर काय लिवा म्हणून दोन दिवस तहसीलीत बसले होते. रडाले बी सवड नाही भेटली.

एमओ, रात्रपाळी

ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन करते, त्या अंगानं सांगते.

तिकडचा कोरोनर बहुधा डॉक्टर नसायचा. दूर असला तर जवळचा मॅजिस्ट्रेटच ते काम उरकायचा. डॉक्टर बोलावला तर बोलावला. ‘देवाच्या करणीनं’ या रकान्यात हृदयविकार, पक्षाघात, फिट, क्षय सगळं ढकललेलं असतं. मार दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा.

एक नोंद मात्र तुमच्या मुलीनं थांबून वाचावी. गुलाम आईचं तान्हं बाळ मेलं की ‘आईच्या अंगाखाली दबून’ असं सर्रास लिहिलेलं सापडेल. दिवसभर शेतात राबून आलेली बाई, कुपोषित बाळ, थंडीतली झोपडी. त्यातली बरीच मरणं आज आपण अचानक बालमृत्यू म्हणून नोंदवू. पण तेव्हा दोष आईच्या झोपेवर गेला. नवजात अर्भक सापडलं तर फुप्फुस पाण्यात टाकून बघायचे. तरंगलं तर जिवंत जन्मलं होतं. ही परीक्षा फसवी आहे, कारण कुजायला लागलेलं फुप्फुसही तरंगतं. त्यावर बायकांवर खटले झाले.

तुमच्या विहिरीबद्दल: लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि आत्महत्या किंवा संशय असेल तर १९८३ च्या कायदा-दुरुस्तीनंतर पोस्टमॉर्टेम टाळता येत नाही. बुडून मेली की मेल्यावर टाकली हे ठरवायला आम्ही हाडातल्या मज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म शेवाळ, शोधायला पाठवतो. ते मिळालं तरी घसरली, उडी मारली की ढकलली हे हाड सांगत नाही. तुमची बादली तिथं जास्त कामाची.

वकील, पुसद

पाटीलबाईंनी दोन पद्धती एका तराजूत घातल्या आहेत, तिथं जरा थांबू. आपल्या खेड्यात कोरोनर कधी आलाच नाही. तो फक्त मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत, १८७१ च्या कायद्यानं. मुंबईतलं पद १९९९ मध्ये बंद झालं. इकडं पोलीस आणि दोन किंवा जास्त पंच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १९४. गावच्या पाटलानं संशयास्पद मरणाची खबर द्यायची हेही इंग्रजी अमलापासून चालत आलंय. आणि मरण कशानं आलं एवढंच या पंचनाम्यानं सांगायचं असतं. कोणी मारलं हे त्यात लिहिलंच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये स्पष्ट केलंय.

तिकडची ज्युरी मारणाऱ्याचं नाव लिहू शकत होती. म्हणून ती कुठं नाव लिहिते आणि कुठं गप्प बसते हेच वाचायचं. झुंडीनं भर दिवसा काळ्या माणसाला फासावर लटकवलं तरी कागदावर यायचं, ‘अज्ञात इसमांच्या हातून मृत्यू’. अख्ख्या गावानं पाहिलेले ते अज्ञात इसम!

याच्या उलट एक उदाहरण. १८७६ च्या जुलैत एजफिल्डला लागून नव्यानं झालेल्या एकेन कौंटीतल्या हॅम्बर्ग गावात गोऱ्यांच्या जमावानं काळ्यांच्या मिलिशियावर (स्थानिक लोकांच्या सशस्त्र तुकडीवर) हल्ला केला. सहा काळे मारले गेले, त्यातले बहुतेक पकडल्यावर. एक गोराही मेला. तिथला न्यायाधिकारी प्रिन्स रिव्हर्स, स्वतः एके काळचा गुलाम. त्यानं चौकशी बसवली आणि ज्युरीनं ८० च्या वर गोऱ्यांची नावं लिहून काढली. शिक्षा एकालाही झाली नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर राज्याची सत्ताही गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडं गेली.

तक्ता करायचा तर ‘हॅम्बर्ग’ कुठल्या रकान्यात टाकाल?

पाटीलबाई (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे आभार. पोरीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणे, आई, गुरुजींना तक्ता लागतोच. मग म्हटलं कर, पण रकाने बदल. कोणी आधी पाहिलं, त्याचं मेलेल्याशी नातं काय, ज्युरीतला कोण कोणाच्या शेतावर, मरण कोणत्या शब्दात लिहिलं तर कोणाचा पैसा वाचतो. शेवटची ओळ सगळ्यात उजवीकडं, बारीक अक्षरात. गुरुजी काय म्हणतात ते कळवीन.

डॉक्टर ताई, लग्नाला चारच वर्षं झाली होती. पीएम झालं, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) तपासायला गेला, अहवाल यायचा आहे. तिचे माहेरचे दोनदा येऊन गेले, मी त्यांना पंचनाम्याची नक्कल मागायला सांगितली आणि बादलीची ओळ कुठल्या पानावर आहे तेही दाखवलं. ठाणेदार मला म्हणाले, पाटीलबाई, तुमी लय वाचता आजकाल.

वकील साहेब, हॅम्बर्गच्या ज्युरीत कोण कोण होतं, काळे की गोरे, हे कुठं मिळेल? पोरगी आता तेच धरून बसली आहे.