टू लावायचं की आयएनजी? याद्या पाठ करूनही गोंधळ सुटत नाही

चोपडा_अभ्यासिका
राम राम मंडळी. बँक क्लार्कची तयारी करतोय, गणित रिझनिंग जमतं पण इंग्रजीत एका जागी गाडी अडते ती अडतेच. एका क्रियापदामागे दुसरं आलं की त्याला टू लावायचं की आयएनजी तेच समजत नाही. क्लासच्या नोट्समध्ये इन्फिनिटिव्ह (टूवाली) आणि जेरंड (आयएनजीवाली) अशा दोन लांबलचक याद्या आहेत, पाठ होतात पण पेपरात एकमेकींत मिसळतात. मराठीवरून लावू म्हटलं तर 'जायचं ठरवलं' म्हणजे डिसाइडेड टू गो, हे ठीक, पण 'जायचं टाळलं' म्हणजे अव्हॉइडेड गोइंग. दोन्हीकडे 'जायचं'च आहे ना, मग फरक कशाने पडतो? काही नियम आहे की नुसतं घोकायचं?

धुळेकर_ताई
भाऊ, मी धुळ्याला हायस्कूलला इंग्रजी शिकवते. फरक पहिल्या क्रियापदाने पडतो, म्हणून मराठीतल्या 'जायचं'कडे बघून उत्तर मिळणारच नाही. मुलांना मी एवढं सांगते की गोष्ट अजून पुढे व्हायची असेल तर बहुतेक वेळा टू येतं, जसं वाँट, होप, प्लॅन, डिसाइड, प्रॉमिस, आणि होऊन गेलेली किंवा चालू असलेली असेल तर आयएनजी, जसं एन्जॉय, फिनिश, कीप, डिनाय. आपल्याकडची मुलं हमखास फसतात ती एन्जॉयला, कारण आपण 'पोहायला मजा आली' म्हणतो आणि त्या 'पोहायला'मुळे हात आपोआप टू स्विम लिहितो. एन्जॉइड स्विमिंगच बरोबर.

केळीपट्टा_रावेर
ताई, तुमचा नियम सुरुवातीला उपयोगी आहे पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवला तर पोरगं अडचणीत येईल. सजेस्ट, कन्सिडर, पोस्टपोन, रिस्क ही सगळी पुढच्याच गोष्टीबद्दल बोलतात तरी त्यांना आयएनजी लागतं. उलट मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन, इथे गाडी मिळून गेली तरी टू. आणि सजेस्टेड मी टू गो हे तर आपल्याकडे सर्रास बोलतात, ते चूकच आहे, सजेस्टेड गोइंग म्हणायचं.

तुमचा नियम खरा चालतो तो रिमेंबर आणि फरगेटला, तिथे दोन्ही बरोबर असतात पण अर्थच बदलतो. ही रिमेंबर्ड टू स्विच ऑफ द मोटर म्हणजे शेतातली मोटर बंद करायची त्याच्या लक्षात राहिली आणि त्याने केली. ही रिमेंबर्ड स्विचिंग ऑफ द मोटर म्हणजे बंद केल्याचं त्याला नंतर आठवलं, समजा रात्री घरी आल्यावर बायकोने विचारलं तेव्हा. स्टॉपचं तसंच. वी स्टॉप्ड टू ईट भरीत, म्हणजे बामणोदच्या वांग्याचं भरीत खायला रस्त्यात थांबलो. वी स्टॉप्ड ईटिंग भरीत, म्हणजे भरीत खाणंच बंद केलं, आणि खान्देशात असं कोण करेल! 'खायला', आपल्या अहिराणीतलं 'खावाले', हे 'त्यासाठी' या अर्थाने आलं की बिनधास्त टू लाव. ताईंच्या 'पोहायला मजा आली'त तो अर्थ नाही, म्हणून तिथे टू नाही.

भुसावळ_जंक्शन
वरचं सगळं बरोबर, पण मार्क जातात ते प्रिपोझिशनपाशी. इन, ॲट, विदाउट, बिफोर असं काही आलं की पुढचं क्रियापद आयएनजीवालंच, इंटरेस्टेड इन लर्निंग, विदाउट आस्किंग, इथे फार विचार करायची गरजच नाही. फसवतो तो टू, कारण काही ठिकाणी टू स्वतःच प्रिपोझिशन असतो. ओळखायचं कसं, तर क्रियापद काढून तिथे इट ठेवून बघ. आय लुक फॉरवर्ड टू इट, वाक्य जमलं, म्हणजे लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू. आय वाँट टू इट, जमलं नाही, म्हणजे साधं वाँट टू मीट.

चोपडा_अभ्यासिका
भुसावळ दादा हे इटवालं भारी आहे, लगेच वहीत लिहिलं. मग यूज्ड टू पण असंच बघायचं का? आणि मेक, लेट या दोघांना तर टू पण दिसत नाही आणि आयएनजी पण नाही, त्यांचं काय?

भुसावळ_जंक्शन
हो, तसंच. आय ॲम यूज्ड टू इट जमतं, म्हणून आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली, म्हणजे लवकर उठायची सवय आहे. ॲम काढून टाकलं तर आय यूज्ड टू गेट अप अर्ली, म्हणजे पूर्वी उठायचो, आता नाही. पेपरात ॲम, इज, वॉज आहे का ते आधी बघायचं.

धुळेकर_ताई
रावेर दादा, सजेस्टचा मुद्दा पटला, उद्या वर्गात घेते. आणि भाऊ, मेक आणि लेटनंतर नुसतं मूळ क्रियापद येतं, ही मेड मी वेट, शी लेट मी गो. फक्त मेकचं पॅसिव्ह केलं की टू परत येतो, आय वॉज मेड टू वेट. त्या याद्यांतल्या प्रत्येक क्रियापदावर आपल्या घरातलं, शेतातलं एकेक वाक्य करून इथे टाक, मी तपासून देते.