पीसीओएस आणि बियांचं वेळापत्रक: पाळावं की सोडावं?

मेथीदाणा:
पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाचा त्रास, ज्यात पाळी अनियमित होते) म्हटलं की सीड सायकलिंग, म्हणजे पाळीच्या दिवसांप्रमाणे बिया बदलत खाणं, हल्ली जो तो सुचवतोय. पाळीच्या पहिल्या दिवसापासून १४ दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया रोज एकेक चमचा, पुढचे १४ दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. माझं मत स्पष्ट आहे: बिया खा, वेळापत्रक सोडा. बीज चौदाव्या दिवशी सुटतं असं धरून ते आखलंय. जिची पाळी ५०-६० दिवसांनी येते, तिचं बीज चौदाव्या दिवशी सुटलेलंच नसतं. मग पंधराव्या दिवशी तीळ सुरू करण्याला आधार कसला?

पीसीओएसमध्ये बहुतेकींचं दुखणं इन्शुलिन रेझिस्टन्सचं असतं, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. रक्तात इन्शुलिन चढं राहिलं की अंडाशय जास्त अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन्स) बनवतात. शिवाय यकृतात एसएचबीजी कमी तयार होतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन ते हेच. म्हणून हनुवटीवर केस, मुरुमं, लांबलेली पाळी. लक्ष द्यायचं ते ताटाकडे.

तिळगूळ:
नाही पटलं, ताई. वेळापत्रक असलं की बायका निदान रोज खातात तरी. कुटलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात साधारण २ ग्रॅम तंतू असतात, वर लिग्नन (इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेला वनस्पतिज घटक) आणि ओमेगा-३. मात्र अख्खे जवस गिळले तर तसेच बाहेर पडतात. मंद भाजायचे, गार झाल्यावर कुटायचे, चटणी आठवड्यापुरतीच करायची. जास्त दिवस राहिली की खवट होते.

मेथीदाणा:
चटणीला माझी ना नाहीच. पण ती कशाबरोबर जाते ते बघा. ‘गहू बंद, ज्वारी सुरू’ म्हणतात तिथेच गणित चुकतं. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, २५ ग्रॅमच्या फुलक्यात त्याच्या निम्मी. दोन फुलक्यांऐवजी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर कर्बोदकं दुप्पट झाली.

एकच भाकरी घ्या. सोबत ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (७ ग्रॅम प्रथिनं) आणि दोन अंडी (१२ ग्रॅम) किंवा ५० ग्रॅम पनीर (९ ग्रॅम). आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी शेवटी. साखर हळू चढते. जेवल्यावर १५ मिनिटं चाला, स्नायू ती साखर ओढून घेतात. चतुर्थीला साबुदाणा टाळा, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. राजगिऱ्याची भाकरी आणि दही चालेल.

ओपीडीतून:
बिया की भाकरी या वादात एक गोष्ट सुटतेय. गर्भनिरोधक गोळ्या चालू नसताना ९० दिवस पाळी आली नाही, तर आहाराचा परिणाम बघत थांबू नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. आधी गर्भधारणा नाही ना ते पाहतात, मग गरजेप्रमाणे पाळी आणण्यासाठी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देतात. पीसीओएसचा शिक्का मारण्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) तपासलंच पाहिजे, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी लांबते. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी सर्वांत भरवशाची.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस, सलग नव्हे, स्नायूंची ताकद वाढवणारा.

तिळगूळ:
हे वजनाचं सरसकट सांगणंच मला खटकतं. बारीक मुलींनाही पीसीओएस असतो. ‘वजन उतरव’ ऐकून त्या रात्रीचं जेवण सोडतात, आणि शरीराला अन्न पुरेना झालं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेशच मंदावतात. मग पाळी आणखी लांबते.

ओपीडीतून:
इथे तुमचं बरोबर आहे. वजन मुळात प्रमाणात असेल तर उतरवायचं नाही. जेवण पोटभर, प्रथिनं प्रत्येक वेळी, आणि भर डंबेल्स, उठाबशा यांवर. थायरॉइडची गोळीही चालू असेल तर ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, पुढचा तासभर चहा नको. जवसाची चटणी दुपारच्या जेवणातच ठेवा, तंतूंमुळे गोळी नीट शोषली जात नाही. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तर चार तासांनीच.