अनिकेत जाधवला विंगवर घालून वाया घालवलं म्हणे!

कॉर्नर_फ्लॅग
काल 'पेठेचा_वाघ' यांनी लिहिलं: "कोल्हापूरचा अनिकेत 2017 च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल वर्ल्ड कपला आपला स्ट्रायकर होता, मध्ये पुढे राहून गोल मारणारा. आयएसएलवाल्यांनी (इंडियन सुपर लीगच्या क्लबांनी) विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, घालून त्याचं वाटोळं केलं. गावात राहिला असता तर गोलांचा पाऊस पाडला असता." खाली नुसते टाळ्यांचे इमोजी. म्हणून हे लांबलचक.

आधी तो वर्ल्ड कप आठवा. अमेरिका 0-3, कोलंबिया 1-2, घाना 0-4. भारताचा गोल एकच, तोही कॉर्नरवर जॅक्सन सिंगच्या डोक्याने, आणि जॅक्सन मिडफिल्डर. आपला संघ स्वतःच्या बॉक्ससमोर दोन ओळी लावून बसलेला. पुढचा एकटा पोरगा काय करणार? लांबून आलेला बॉल अंगावर घ्यायचा, दोन सेंटर-बॅक पाठीवर झेलायचे, जमलं तर फाऊल काढायचा. ह्याला हमाली म्हणतात. त्यावरून कोणी जातिवंत स्ट्रायकर आहे की नाही हे ठरत नाही.

पुढचा हिशोब सोपा आहे. जमशेदपूरला त्याच्या जागेवर आधी सर्जिओ कास्टेल, मग वाल्स्किस, दोघंही परदेशी स्ट्रायकर. हैदराबादला नायजेरियाचा ओगबेचे, ज्याने सदतिसाव्या वर्षी 2021-22 च्या मोसमात 18 गोल ठोकून गोल्डन बूट नेला आणि क्लब चॅम्पियन झाला. कोच मार्केझने काय ओगबेचेला बसवून एकवीस वर्षांचा पोरगा नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी, खेळवायचा होता? 2020-21 पर्यंत मैदानात पाच परदेशी चालायचे, नंतर चार. क्लब हे चार जण कुठे वापरतात? सेंटर-बॅक, मधला एक-दोन आणि स्ट्रायकर. म्हणजे पाठीचा कणा परदेशी, हातपाय देशी. भारतीय फॉरवर्डला उरते ती कड. छांगटे, लिस्टन, विक्रम प्रताप, सगळे कडेलाच आहेत. कोल्हापूरवर कोणी डूख धरलेला नाही.

पेठेचा_वाघ
व्हय, शाळा घेतलीसा चांगली. मग एवढं सांगा, 2017 च्या नोव्हेंबरात बांबोळीला इंडियन ॲरोजनं, म्हणजे फेडरेशनच्या पोरांच्या संघानं, चेन्नई सिटीला 3-0 हाणलं, त्यातले दोन कुणाचे? अनिकेतचेच की! ॲरोजमध्ये परदेशी एक बी नव्हता. जागा दिली, पोरानं गोल दिले. विषय संपला.

आणि तुमच्या त्या हिशोबानं देशाचं काय झालं ते बी लिवा. छेत्री जून 2024 ला कुवेतची मॅच खेळून थांबला, आणि मार्च 2025 ला चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध आला आन् एक गोल बी मारला. त्या मोसमात आयएसएलमध्ये 14 गोल, भारतीयांत एक नंबर. चाळिशीतला माणूस! तुमच्या हुशार क्लबांनी धा वर्षांत एक नऊ नंबर तयार केला न्हाई, आन् म्हणं डूख न्हाई.

हाफ_टर्न
छेत्रीचा मुद्दा बिनतोड आहे, वाघांना तेवढे गुण. पण "जागा दिली की गोल येतात" हे खोटं. दोन्ही जागांचा सराव वेगळा असतो, नासतं ते तिथे.

विंगरला आठवडाभर काय मिळतं? बॅकला समोरून घ्या, बाहेरून जा, क्रॉस टाका. बॉल गेला की फुलबॅकच्या मागे पळत या. सामन्यात वीस-पंचवीस वेळा मागे धावायचं. नऊ नंबरचं काम पाठ गोलकडे ठेवून. बॉल यायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागे बघायचं, पहिला टच बचावपटूपासून लांबच्या पायाने, अंग अर्धं वळलेलं. क्रॉस येताना आधी दूरच्या पोस्टकडे दोन पावलं खोटी टाकायची आणि बॅकचे डोळे बॉलकडे वळले की त्याच्यापुढून जवळच्या पोस्टला घुसायचं. निघायची वेळ म्हणजे क्रॉस मारणाऱ्याची मान खाली जाते तो क्षण. अर्धा सेकंद लवकर निघालात तर ऑफसाइड किंवा बॉल पाठीमागे, उशीर केलात तर बॅक पुढे.

हे रोज शंभर शॉट मारून येत नाही. उलट मांडीचा आतला स्नायू धरतो. एका सत्रात चाळीस-पन्नास, आठवड्यात दोनदा, त्यातले निम्मे एका टचमध्ये आणि अंगावर बॅक असताना. मोकळ्या गोलवर मारलेले धरायचे नाहीत. तीन-चार वर्षं कडेला खेळलेल्या पोराला अचानक मध्ये टाकलं तर तो बॉल मागायला कडेलाच सरकतो. पाय शिकलेल्या वाटेनेच जातात.

पेठेचा_वाघ
मग हे शिकवायचं कुणी? क्लबांनीच की! माझंच म्हणणं लांबड लावून सांगितलंसा.

फातोर्डा_ईस्ट
वाघ, तुमचं अर्धंच म्हणणं. "गावात राहिला असता तर" हे उरलेलं अर्धं कुठे गेलं? अनिकेत पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत आणि मग पुणे एफसीच्या अकादमीत गेला म्हणून दिसला. व्यंकीजच्या मालकीच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न क्लबला तीन महिने सराव करून आला, तोही तालमीच्या, म्हणजे तुमच्या गावातल्या फुटबॉल मंडळाच्या, शिफारशीवर नव्हे.

कोल्हापूरचं प्रेम मान्य, गॅलरी मान्य. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात टणक झालेल्या मैदानावर बॉल गुडघ्याएवढा उसळतो. उसळणारा बॉल अर्धवट वळून घेता येत नाही, म्हणून सगळे लांब मारतात. फॉरवर्ड शिकतो काय, तर उसळीवर झुंजायला आणि झुंजीतून सुटलेला बॉल लुटायला. त्यात पोरं सहा लांब स्टडचे बूट घालतात. ते ओल्या, मऊ गवताचे. कडक जमिनीत स्टड रुततच नाहीत, सगळा भार मोजक्या टोकांवर येतो, मग पंजाची हाडं दुखतात आणि वळताना घोटा जातो. तिथे आखूड, जास्त स्टडचे मोल्डेड बूट हवेत. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरपूर मारा, सकाळी हलकं. एवढं केलं तरी पासिंग सुधारेल.

पेठेचा_वाघ
पाणी मारायला पैसं तुम्ही देताय काय? गोव्यात बसून कोल्हापूरला अक्कल शिकवू नका. पाटाकडील-दिलबहार ह्या आमच्या तालमींच्या मॅचला या एकदा, मग बोला. पोरं आम्ही घडवायची, पोसायची, आन् आयएसएलवाल्यांनी आयती उचलायची. तालमीला एक रुपाया तरी मिळतो का? फिफाचा नियम हाय म्हणं पाच टक्क्यांचा.

रजिस्टर_पान_क्र_१२
नियम आहे, पण तुम्ही समजता तो नाही. करार संपायच्या आत, फी देऊन, एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर झाली की फीचे पाच टक्के घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बाराव्या ते पंधराव्या वाढदिवसाच्या मोसमांना त्या रकमेचे प्रत्येकी 5 टक्के, सोळाव्या ते तेविसाव्यापर्यंत प्रत्येकी 10. समजा फी एक कोटी. वाटायला पाच लाख. पोरगा बारा ते पंधरा अशी चार वर्षं तुमच्याकडे नोंदवलेला असेल तर त्यातले 20 टक्के, म्हणजे एक लाख.

आता कुठे गळतं ते बघा. करार संपवून फुकट गेला तर फी शून्य, शून्याचे पाच टक्केही शून्य. पोरगा बाराच्या आत पुण्याला गेला तर तुमचा वाटा शून्य. आणि फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, त्या मोसमात नोंदच नसेल तर तो तुमच्याकडे खेळलाच नाही असं धरतात. मंडळाच्या वहीतलं नाव आणि गणपतीतला सत्कार पुरावा म्हणून चालत नाही.

कॉर्नर_फ्लॅग
धागा विंगचा होता, आता तालमीच्या ताळेबंदावर आलाय. असो. हाफ_टर्न यांच्यामुळे एक दुरुस्ती करतो: क्लबांनी त्याला कडेला *खेळवलं* ह्यात चूक नव्हती, कडेलाच *सरावलं* ही चूक असू शकते. वाघांनी ह्याला विजय समजू नये.

पेठेचा_वाघ
समजलोय ऑलरेडी. गुलाल उधळून झाला.

फातोर्डा_ईस्ट
आधी मैदानावर पाणी उधळा.

पेठेचा_वाघ
@रजिस्टर, भांडण ऱ्हाऊ दे बाजूला. बारा वर्षांच्या पोरांची ती सीआरएस नोंद तालीम स्वतः करू शकते का कसं?

रजिस्टर_पान_क्र_१२
जिल्हा संघटनेकडे विचारा, केएसएवाले (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) सांगतील. जाताना जन्मदाखला न्या आणि आधारवरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते घरीच बघा. निम्मे अर्ज तिथेच अडकतात.

पेठेचा_वाघ
बरं. पण अनिकेत स्ट्रायकरच.