मदत हवी आहे : सायबर फसवणुकीत दोन्ही कायद्यांची कलमे टिकतात का?

नमस्कार. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावशीला 'वीजबिल थकले आहे, आज रात्री पुरवठा तोडू' असा संदेश पाठवून, मोबाइलवर ॲप उतरवायला लावून तिच्या खात्यातील पैसे काढून घेण्यात आले. १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार लगेच नोंदवली. गुन्ह्यात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ६६ डी (संगणक साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक; तीन वर्षांपर्यंत कैद, जामीनपात्र) आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) (फसवून मालमत्ता द्यायला लावणे; सात वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र) अशी दोन्ही लावली आहेत. मात्र एकाच कृत्यासाठी विशेष कायदा (इथे माहिती तंत्रज्ञान कायदा) असताना दोन्हींखाली खटला चालवता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये न्याय संहितेच्या आधीच्या भारतीय दंड संहितेसंदर्भात म्हटले होते. मग ३१८(४) टिकेल का? की आरोपी सहज जामिनावर सुटणार? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली भरपाईचा अर्ज आताच करावा का? जाणकार वकिलांनी कृपया मार्गदर्शन करावे.