मदत हवी आहे: कॉंकरला न फोडता भोक कसं पाडायचं? ओव्हन वापरावा का?

रेडिंगकरीण
नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी आहे, खास करून ज्यांची मुलं इथेच वाढली त्यांच्यासाठी. घरामागच्या मैदानाच्या कडेला हॉर्स चेस्टनटची झाडं आहेत आणि सध्या खाली तपकिरी बियांचा, म्हणजेच कॉंकर्सचा, नुसता सडा पडलाय. लेक नऊ वर्षांची, तिच्या कब्स (छोट्यांच्या स्काउट) गटात पुढच्या शनिवारी कॉंकर्सचे सामने आहेत. नाडीत ओवलेलं आपलं कॉंकर समोरच्याच्या लटकत्या कॉंकरवर आपटायचं, ज्याचं फुटेल तो बाद, इतपत कळलं. अडलंय ते तयारीत.

भोक पाडताना निम्मे फुटतात. दाभण वापरून पाहिला, कबाबची सळई वापरून पाहिली. सळई पलीकडून बाहेर येते तिथे सालीसकट टवका उडतो. शेजारच्या आजी म्हणतात, कॉंकर कडक व्हायला व्हिनेगरमध्ये बुडवून ओव्हनमध्ये ठेव. त्यांचे यजमान म्हणतात ही शुद्ध लबाडी. दोघांचं यावरून बरीच वर्षं वाजत असावं. शिवाय झाडांची पानं ऑगस्टमध्येच करपल्यासारखी झाली होती. झाड रोगट असेल तर बिया पोकळ निघतात का?

आणि सासरे साताऱ्याहून आलेत. ते रोज विचारतात, भाजून खायला काय हरकत आहे?

खटपट्या
आधी सासऱ्यांना थांबवा! खायचं ते स्वीट चेस्टनट, झाडच वेगळं. त्याच्या कवचावर सुईसारखे बारीक, दाट काटे असतात आणि फळाला टोक असतं. तुमच्याकडच्याचं कवच जाड, काटे आखूड नि विरळ, आणि बी गोल गुळगुळीत. त्यात सॅपोनिन आणि एस्क्युलिन असतं. पोट बिघडतं, ओकाऱ्या होतात, भाजूनही खायचे नाहीत. त्यांना सांगा हा रिठ्याचा भाऊबंद आहे. थापा नाहीत, दोन्ही झाडं खरोखर एकाच कुळातली.

आता भोक. दाभण आणि सळई बी बाजूला रेटतात, म्हणून ती चिरते. गिरमिट घ्या, नाहीतर ३-४ मिलिमीटरचं पातं लावलेलं हाताने फिरवायचं ड्रिल. ते गर कापत जातं. फिकट डागाकडून सुरुवात करा, दाब कमी, फिरवणं जास्त. टोक पलीकडे जरासं दिसलं की थांबा, बी उलटी करा आणि उरलेलं त्या बाजूने पाडा, म्हणजे टवका उडत नाही. तळहातावर धरून हे करू नका. लाकडाच्या ठोकळ्यावर, फडक्यात पकडून करा. भोक नाडीपुरतंच हवं. मोठं झालं की गाठ आत घुसते आणि पहिल्या दोन फटक्यांत बी आतून उकलते.

आणि ताजी असतानाच पाडा. वाळल्यावर त्रास दुप्पट.

ढगाळ हवा
त्याआधी निवड! बादलीभर पाण्यात टाका. तरंगतात ते किडके किंवा पोकळ, ते सोडून द्या. बुडतात त्यातले बिनचिरेचे, सगळीकडून सारखे घ्या. आकाराच्या मागे लागू नका.

पानांचं कारण बहुतेक लीफ मायनर. बारीक पतंग असतो, त्याच्या अळ्या पानाच्या आतला गर पोखरतात. ब्रिटनमध्ये तो २००२ साली लंडनच्या विंबल्डन भागात पहिल्यांदा सापडला, आता सगळीकडे आहे. झाड त्याने मरत नाही, पण बिया लहान राहतात. खेळायला चालतात.

(अवांतर: १९१७ मध्ये इथल्या शाळकरी पोरांकडून सरकारने हेच कॉंकर्स गोळा करून घेतले होते. दारूगोळ्यासाठी लागणारं ॲसिटोन काढायला. पोरांना कशासाठी ते सांगितलं नव्हतं.)

नेनेकाका
ओव्हनबद्दल माझं मत ठाम आहे: नको. झटपट भाजलं की वरून कडक, आतून ठिसूळ. एक सणसणीत बसला की ठिकऱ्या. चांगलं कॉंकर म्हणजे गेल्या वर्षीचं, बुटांच्या खोक्यात पडून सुरकुतलेलं. भोवऱ्याला जसा जुना, मुरलेला लाकूडतुकडा लागतो तसं. या वर्षी जमणार नाही, पण दहा-बारा भोकं पाडून आत्ताच ठेवून द्या.

लबाडीचं म्हणाल तर नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये जागतिक स्पर्धा होते, १९६५ पासून. आधी ॲश्टन गावात होती, आता साउथविकला. तिथे कॉंकर्स आयोजकच देतात, भोक पाडून, नाडी ओवून. घरचं आणायचंच नाही. तरी २०२४ मध्ये पुरुषांच्या विजेत्याच्या खिशात रंगवलेलं पोलादी कॉंकर सापडलं! चौकशीत तो निर्दोष ठरला, पण गाजलं बरंच.

खटपट्या
काका, मंद आचेवर थोडाच वेळ ठेवलं तर फुटत नाहीत. माझ्या पोराचं तसलं कॉंकर सगळ्या मोसमात टिकलं.

नेनेकाका
समोरचे कच्चे असतील.

रेडिंगकरीण
सगळ्यांचे आभार! गिरमिट शेजारच्या आजोबांकडेच मिळालं, आणि त्यांनी ते "व्हिनेगर नाही" या अटीवर दिलं. कब्सच्या बाईंनीही तेच कळवलंय: भाजणं, भिजवणं, वार्निश काही नाही. बादलीत तिसरा हिस्सा तरंगले. सासरे आता बुडालेल्यांची प्रतवारी लावत बसलेत. दोन शंका उरल्या. नाडी किती लांब ठेवू? आणि गुण कसे मोजतात? लेक म्हणते एका मुलाचं कॉंकर "सेव्हनर" आहे.

ढगाळ हवा
नवं कॉंकर शून्यावर. एक फोडलं की "वनर". पण फुटलेल्याचे गुणही जिंकणाऱ्याला मिळतात, म्हणजे तिच्या नव्या कॉंकरने तो सेव्हनर फोडला तर थेट "एटर". त्यामुळे घाबरू नका, सेव्हनरला आतून चिरा पडलेल्या असतात. त्यालाच आधी गाठा.

नाडी: मुठीपासून कॉंकरपर्यंत किमान २० सेंटिमीटर मोकळी राहायला हवी, वर दोन वेढे हाताला. बुटाची जुनी नाडी उत्तम. खाली दुहेरी गाठ, आणि ओढून बघा. फटका चुकून नाड्या अडकल्या तर आधी "स्ट्रिंग्ज!" ओरडणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी जादा फटका मिळतो, तेवढं तिला शिकवून ठेवा.