फळीवर लावलेल्या स्पीकरचा बास गेला कुठं? अन् घरी भोंगा बनवाचा हाय

कपाशीवाला_वायंडर
रामराम मंडळी. दर्यापूर तालुक्यातला आहो, शेती अन् सोबत मोटर रिवायंडिंग. दोन महिन्यांपासून स्पीकरचं भूत लागलं हाय. गावातल्या एका डीजेवाल्यानं धंदा बंद केला तं त्याच्यापासून 12 इंची दोन स्पीकर घेतले, मॅग्नेट असा का उचलाले दोन हात लागते. व्हिडिओत पाह्यलं होतं का डबा बनवाची गरजच नाही, सरळ फळीवर लावा अन् मागून उघडं ठेवा, त्याले ओपन बॅफल म्हणते. मंग 18 एमएमचा प्लाय आणला, 2 फूट रुंद 4 फूट उंच, बरोबर मधात भोक पाडून बसवला. आवाज मोकळा हाय यात वाद नाही, भजनातला टाळ असा वाजते का माणूस मागं वळून पाह्यते. पण पखवाज? डाव्या बाजूले कणीक लावतो नं आपण, तो धुम् च नाही, नुसतं टक टक. वायर उलटी करून पाह्यली, अँप बदलला, फळी भितीले टेकवली, काहीच फरक नाही.

दुसरं, घरी जुनं भोंग्याचं युनिट पडून हाय, 16 ओमचं. पत्र्याच्या भोंग्यात लावलं तं डब्यात तोंड घालून बोलल्यावानी वाटते. घरी चांगला भोंगा बनवता येते का? गावचा सुतार फक्त दारं-चौकटी करते, लेथबिथ इथं काही नाही.

मागचा_आवाज
वायर उलटी करून काय होणार भाऊ, एकच स्पीकर वाजतोय. स्पीकरचा कागद पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते अन् मागची तेवढीच सैल होते. बारीक सुरांना फळी आडवी येते, पण बासची लहर मोठी, 100 हर्ट्झची लांबी साडेतीन मीटरच्या जवळपास, ती दोन फुटाच्या फळीला विचारते कशाला, कडेवरून वळून मागची हवा पुढच्या हवेला गिळून टाकते. हिशेब सोपा आहे. तुमच्या फळीत पुढून मागे जायचं अंतर 30 सेंमी धरा, ध्वनीचा वेग 343 मीटर, त्याला 30 सेंमीच्या सहापटीने भागा, 190 हर्ट्झ येतात. त्याच्या खाली दर सप्तकाला 6 डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) उतार. म्हणजे 95 ला 6 डीबी गेले, 48 च्या आसपास 12. ओपन बॅफलवाल्यांचा गुरू सीगफ्रीड लिंकविट्झ, 2018 मध्ये वारला, त्यानं हे सगळं बैजवार मांडून ठेवलंय.

आता दुसरा घोटाळा, आणि हा तुम्हाला आवडणार नाही. मोठा मॅग्नेट म्हणजे जास्त बास हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. दांडगा मॅग्नेट कागदाला घट्ट धरून ठेवतो, त्या स्पीकरचा क्यूटीएस (कागद किती सैल झुलतो त्याचा आकडा, जितका घट्ट तितका कमी) 0.3 च्या आसपास असतो. असा स्पीकर डब्यात चालतो, भोंग्याच्या मागे तर फारच चांगला, पण उघड्या फळीवर तो स्वतःच बास लवकर सोडतो. इथे 0.7 किंवा त्याच्या वरचा पाहिजे. जुन्या म्युझिक सिस्टीमचा किंवा रेडिओग्रामचा, पिटुकल्या मॅग्नेटचा 8 इंची मिळतो का बघा. भंगारात किलोवर जातात बिचारे.

आणि फळी भिंतीला टेकवू नका, मागे निदान तीन फूट मोकळं सोडा. भोकही मधोमध नको, थोडं एका बाजूला घ्या, नाहीतर सगळ्या कडांचं अंतर सारखं होऊन एकाच सुरावर खड्डा पडतो.

बासप्रेमी_अकोला
एवढं कायले? अँपवर बास फुल करा न भाऊ. 12 डीबी गेले तं 12 डीबी वाढवा, विषय संपला.

मागचा_आवाज
दर 6 डीबीला पॉवर चारपट लागते. 12 म्हणजे सोळापट. त्यात कागद आतबाहेर किती मारेल ते पाहा, कॉइल मॅग्नेटच्या बुडाला ठाक ठाक आदळेल आणि रिवायंडिंगला त्यांच्याच दुकानात येईल. थोडं वाढवायला हरकत नाही, पण विषय संपत नाही तिथे.

वायंडर भाऊ, एक फुकटचा प्रयोग करा. घरात दोन खोल्यांच्या मधलं दार आहे का? तुमची फळी त्या चौकटीत बसवा, उरलेल्या जागेत दुसरा प्लाय, फटीत गोधडी कोंबा. मागचा आवाज दुसऱ्या खोलीत राहील, वळून यायला वाटच नाही. तेव्हा कळेल की बास किती फळीनं खाल्ला आणि किती मॅग्नेटनं.

तणसाची_दोरी
भोंग्याचं मी सांगते दादा. आमचा भंडारा जिल्हा, मंडईच्या म्हणजे जत्रेच्या दिवसात रात्र रात्र नाटकं, त्यामुळे भोंगे लहानपणापासून कानात आहेत. ते माणसाचा आवाज लांब नेण्यासाठी केलेले असतात, आतली वाट दुमडलेली, पत्रा पातळ, तो स्वतःच वाजतो. तुमचं डब्यातलं बोलणं तिथूनच येतं.

मी कागदाच्या लगद्याचा केला. आजी टोपल्या करायची तसाच, रद्दी तीन दिवस भिजवून, मेथी वाटून घालून, उखळात कुटून. साचा असा: एका दांडीवर पुठ्ठ्याच्या चकत्या, मधे तणसाची दोरी गुंडाळली, वरून चिखल थापून गुळगुळीत केला. 300 हर्ट्झचा, म्हणजे तिथपासून वरचे सूर वाजवणारा भोंगा धरला तर दर 12.6 सेंमीला व्यास दुप्पट होत जातो. युनिटकडच्या गळ्याशी अडीच सेंमी, मग पाच, मग दहा, मग वीस, आणि 48 सेंमीवर 36. तिथे थांबायचं, कारण तोंडाचा घेर तेव्हा 300 च्या लहरीएवढा होतो. यापेक्षा खाली जायचं तर आकार हाताबाहेर जातो, 100 साठी तोंडच एक मीटरच्या वर. म्हणून तर अमेरिकेतल्या स्पीकरवाल्या पॉल क्लिप्शने आपला भोंगा खोलीच्या कोपऱ्यात लावला, भिंतीच त्याचं पुढचं तोंड होतात, तो स्पीकर 1946 पासून अजून बनतोय.

लगदा अंगठ्याएवढा जाड, चार थरांत, सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेला पहिला माझा वाकला, तोंड लंबगोल झालं. दुसरा छान झाला तर उंदरांनी कड कुरतडली, मेथीचा वास ना. तिसऱ्यात चिमूटभर मोरचूद घातलं. युनिटसाठी जुन्या भोंग्याची मानच आट्यांसकट कापून लगद्यात बसवली.

आणि युनिटला बास देऊ नका, पडदा फाटेल. 16 ओमला 20 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत लावा, 500 च्या खालचं उतरत जातं. तुमच्याकडे मोटरचे रनिंगवाले असतीलच, स्टार्टिंगचे नको. आधी डिस्चार्ज करा, हे तुम्हाला काय सांगायचं म्हणा.

कपाशीवाला_वायंडर
तणसाच्या ताई, रद्दी भिजू घातली हाय. कपॅसिटर तं खोकंभर पडले हायत, आजवर त्याहीचा असा उपयोग कोणं सांगतला नव्हता.

मागच्या आवाजाचे भाऊ, बैठक अन् सैपाकघराच्या मधात फळी ठोकली. बाप्पा! धुम् आला. डीजेवाल्या स्पीकरनं जरासाच देल्ला, पण मेव्हण्याच्या जुन्या सिस्टीमचा 8 इंची काढून लावला, मॅग्नेट पेढ्याएवढा, तो निरा पोटात वाजला. माह्या बापूनं तं पखवाजवाला कोण आला म्हणून इचारलं. फक्त एक, दर धुम्ले फडताळावरचा पितळी डबा बारीक किणकिणते, तो काढला तं झाकण्या वाजते, झाकण्या काढल्या तं चिमटा. अन् आईले सैपाकघरात जाले परसातून फेरा पडून राह्यला. दार आज संध्याकाळपर्यंत मोकळं पाह्यजे म्हणते. 3 फूट रुंद जुनं सागवानी दार हाय गोठ्यात, त्याच्यावर बसवतो आता. भोक किती बाजूले घ्याव तेवढं सांगा.