‘मायग्रेट’ करणे: स्थलांतर, रूपांतर की आणखी काही?

पाटीपेन्सिल
आमच्या यंत्राचं ६०० पानी मॅन्युअल फ्रेममेकर या पुस्तकं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते आता कॉन्फ्लुअन्स या विकीवर, म्हणजे ब्राउझरमध्ये सगळ्यांना पाहता-बदलता येणाऱ्या पानांवर, न्यायचंय. कारखान्यातल्या मंडळींना कळवायला साहेबांनी मराठीत चार ओळी मागितल्या आणि मी पहिल्याच ओळीत अडकले. ‘दस्तऐवजांचे स्थलांतर’ लिहिलं, तर शेजारचा म्हणतो, “कुठल्या गावाला निघाले?” बरा शब्द सुचवा.

जुना जुळारी
आधी ‘दस्तऐवज’ काढा, ताई. दस्त म्हटलं की आपल्या लोकांना दुय्यम निबंधक आणि मुद्रांक शुल्क आठवतं. ‘माहितीपुस्तिका’ पुरे. स्थलांतर ऊसतोड कामगार करतात, पक्षी करतात. त्यात जागा बदलते, जाणारा तोच राहतो. तुमची पुस्तिका तीच राहणार आहे का?

पाटीपेन्सिल
नाही ना! पानांचे नंबरसुद्धा राहणार नाहीत. मग ‘रूपांतर’?

खारीचा वाटा
हे काम मी दोनदा केलंय, म्हणून सांगतो. फ्रेममेकरची फाइल मिफ (फ्रेममेकरचाच मजकुरी साचा) किंवा एचटीएमएलमध्ये (वेबपानांचा साचा) काढायची, प्रत्येक मोठ्या मथळ्याशी तोडून वेगळं पान करायचं, ते विकीवर चढवायचं. याला रूपांतर म्हणा. हे करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, नीट असेल तर एका दुपारचं काम.

महिने जातात ते पुढे. ‘पृष्ठ ४७ पाहा’ हा आकडा फ्रेममेकर स्वतः भरत असतो. विकीवर ४७वं पानच नाही, त्यामुळे तिथे दुवा हवा. दर प्रकरणात ‘सुरक्षा सूचना’ असते, पण कॉन्फ्लुअन्सच्या एका स्पेसमध्ये (पानांच्या एका कप्प्यात) एकाच नावाची दोन पानं चालत नाहीत. मग ‘सुरक्षा सूचना – पंप’, ‘सुरक्षा सूचना – मोटर’ अशी बारशी घालत बसा. आणि सशर्त मजकूर! एकाच फाइलमध्ये ग्राहकासाठीचा आणि आतल्या लोकांसाठीचा मजकूर असतो, नको तो लपवलेला. लपवलेला म्हणजे पुसलेला नव्हे. आमच्याकडे चढवताना लपवल्याची खूण गळली आणि ‘हा भाग लवकर तुटतो, ग्राहकाला बोलू नये’ हे वाक्य दोन दिवस सगळ्यांना दिसत होतं.

जुना जुळारी
हा हा! बरं, ‘पान’ आणि ‘पृष्ठ’ यांतला फरक इथे कामाला येतो. पान म्हणजे अख्खा कागद, त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन पृष्ठं. बोलताना आपण सरमिसळ करतो, छापखान्यात करून चालत नसे. विकीचं ‘पान’ यातलं काहीच नाही. त्याला पाठपोट नाही, लांबीही ठरलेली नाही. तरी शब्द चालतो, कारण पोथीची पानं आपल्या ओळखीची आहेत: सुटी, न शिवलेली. ‘ग्रंथ’ मात्र मुळातच गुंफलेला, बांधलेला. धातूच तसा आहे. तुमचं काम ग्रंथाची पोथी करण्याचं आहे.

पाटीपेन्सिल
म्हणजे ‘उसवणे’? “मॅन्युअल उसवून विकीवर टाकलं.”

खारीचा वाटा
शिवण उसवली म्हटलं की काहीतरी बिघडलं असं वाटतं.

जुना जुळारी
आपोआप उसवली तर बिघाड. आई परकराची दुमड उसवून उंची वाढवायची, तो बिघाड नव्हता. तरी साहेबांच्या पत्रात ‘सुटी करणे’ बरं दिसेल.

शेवग्याची शेंग
मध्येच घुसते. आमची मराठी पुस्तिका पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात होती. विकीवर चिकटवली तर नुसती रोमन अक्षरं. लोक याला ‘लिप्यंतर’ म्हणतात ते चूक आहे, लिपी देवनागरीच राहते, तिच्यामागचे संकेत, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो ते आकडे, बदलतात. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत) नंतर. रफाराचं उलटं: ‘धर्म’मध्ये जुना फॉन्ट तो ‘म’नंतर ठेवतो, युनिकोड ‘र’ आधी. म्हणून मी ‘संकेतबदल’ म्हणते. आणि ‘विकी’ सुटा असेल तर की दीर्घ, ‘विकिपीडिया’त ऱ्हस्व, हेही सांभाळा.

खारीचा वाटा
विकी शब्द हवाई बेटांवरचा, अर्थ ‘झटपट’. होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिल्या विकीला नाव दिलं. सहाशे पानांचे दुवे हातानं जोडताना ही झटपट फार आठवते.

शिवाय मराठी विकिपीडियाच्या नोंदींत लेख ‘हलविला’ असं येतं, तेव्हा लेख कुठेही जात नाही, फक्त त्याचं शीर्षक बदलतं. त्यामुळे ‘हलवणे’ही टाळा. सरावाच्या पानाला मात्र तिथला ‘धूळपाटी’ शब्द बिनधास्त उचला.

पाटीपेन्सिल
धूळपाटी घेतलीच. हे पाठवतेय: “यंत्राची माहितीपुस्तिका सुटी करून विकीवर मांडली आहे. जुने पृष्ठक्रमांक आता चालणार नाहीत. यंत्राच्या भागाचं नाव टाकून शोधा.”

जुना जुळारी
‘चालणार नाहीत’च्या जागी ‘लागणार नाहीत’ करा. लोक उगाच घाबरतात.